बाबांचा काचबिंदू आणि मराठी बोलणारा फोन : नक्की काय घ्यावं?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

बाबा ७१ वर्षांचे. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधक होते. घरी आलेली लग्नपत्रिकासुद्धा हातात लाल पेन घेऊन वाचायचे. काचबिंदू लक्षात आला तेव्हा फार उशीर झाला होता. उजव्या डोळ्याने काहीच दिसत नाही, डाव्याने नळीतून बघितल्यासारखं दिसतं. सकाळी सवयीने पेपर घेऊन बसतात. दोन-तीन अक्षरं दिसतात, पुढच्यासाठी मान हलवली की ओळ हरवते. मग पेपरची घडी घालून ठेवतात आणि "आज काही विशेष नाही" म्हणतात.

भावाने एक स्मार्ट चष्म्याची जाहिरात पाठवली आहे. किंमत सहा आकडी. समोरचा मजकूर वाचून दाखवतो, माणसं ओळखतो वगैरे. दुसरीकडे मी बाबांच्या अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक (पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारी फोनमधलीच सोय) सुरू करून मराठी आवाज लावला. त्यांनी पाच मिनिटं ऐकलं आणि फोन खाली ठेवला. म्हणाले, "याला च आणि ज कळत नाही. 'जरा थांबा' असं वाचतो तेव्हा मला म्हातारपण थांबवायला सांगतोय असं वाटतं."

तर चष्मा घ्यावा का? की आणखी काही यंत्र असतं? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

सदूभाऊ
बाबांना साष्टांग नमस्कार. 'जरा'वर एवढा तात्काळ विनोद माझ्या दोन्ही डोळ्यांनी मिळून सुचला नसता.

माहिती शून्य आहे, वाचत राहीन.

नेत्रपल्लवी
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणून यंत्राआधी दोन गोष्टी.

पहिली : थेंब बंद करू नका. "आता दिसतच नाही, कशाला घालायचे" म्हणून पुष्कळ लोक सोडून देतात. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, थेंब उरलेली टिकवण्यासाठी असतात. आणि तुम्ही व तुमचे भाऊ, दोघांनीही डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्या. सख्ख्या नात्यात धोका जास्त असतो आणि सुरुवातीला काहीही जाणवत नाही.

दुसरी : त्यांना मोठं भिंग आणून दिलं असेल तर काढून घ्या. नळीसारखी नजर असली की अक्षर मोठं करून उलट नुकसान होतं. भोक तेवढंच राहतं आणि त्यात मावणारी अक्षरं कमी होतात. त्याऐवजी काळ्या जाड कागदाला एका ओळीएवढी खाच कापा आणि ती पानावर ठेवून वाचायला सांगा. ओळ हरवत नाही, पांढऱ्या कागदाची तिरीपही कमी होते. फोनवर रंग उलटे करा, म्हणजे काळ्यावर पांढरी अक्षरं. थोडा वेळ का होईना, डोळ्यांनी वाचल्याचं समाधान मिळतं.

गोदाकाठची
@नेत्रपल्लवी, भिंग आणलंच होतं! सगळ्यात मोठं! बाबा "बघतो नंतर" म्हणून बाजूला ठेवायचे आणि मी त्यांना हट्टी म्हणत होते.

तिसरा_डोळा
मी जन्मापासून पूर्ण अंध, पुण्यात बँकेत नोकरी. हा प्रतिसाद फोनवर बोलून आणि मग टॉकबॅकने तपासून लिहितोय, त्यामुळे चुका दिसल्या तर अर्ध्या फोनच्या, अर्ध्या माझ्या.

चष्मा आत्ता घेऊ नका. चष्मा वाईट आहे असं नाही. पण त्यातली बरीचशी कामं हातातला फोन फुकट करतो. छापील कागद वाचायला गूगलचं लुकआउट किंवा मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय ॲप. बी माय आइज वर समोरचा स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवर तुमच्या कॅमेऱ्यातून बघून सांगतो. डेन्मार्कमध्ये २०१५ साली सुरू झालेलं आहे, मी त्यावर दुधाच्या पिशवीवरची तारीख विचारली आहे आणि शर्टाचा रंगही. जो माणूस फोनवर एका बोटाने उजवीकडे सरकायला शिकला नाही, तो लाखाच्या चष्म्याचं बटण तरी कुठे शोधणार? आधी फोन शिकू दे. सहा महिन्यांनी चष्मा हवासा वाटला तर तेच सांगतील.

आता आवाजाबद्दल. बाबांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. आपल्या लिपीत दंततालव्य च-ज आणि तालव्य च-ज यांना वेगळं चिन्हच नाही. 'माझा' आणि 'माझी' यातला झ वेगळा, हे आपण ऐकून शिकतो. यंत्राने कुठून शिकायचं? 'चमचा'त तर एकाच शब्दात दोन्ही च. पण उपाय साधा आहे : पंधरा दिवस ऐका. आमच्या शाखेत एक तमिळ साहेब आले होते. पहिला आठवडा त्यांचं मराठी कुणालाच कळेना. महिन्याने त्यांच्या चुका आम्हाला ऐकूच येईनाशा झाल्या. मी आता मराठी आवाज इतक्या वेगात लावतो की बायकोला तो मिक्सर वाटतो.

सदूभाऊ
आमच्या घरी मिक्सर आणि बायको दोन्ही एकाच वेगात असतात, मला काही कळत नाही.

(पळतो)

मालवणी_तिरफळ
सदूभाऊ, वहिनींना लिंक पाठवू का?

थोडं अवांतर, पण "यंत्र आणलं आणि कपाटात गेलं" ही गोष्ट आमच्याकडेही घडली. आमच्या आजोबांचं श्रवणयंत्र. चांगलं महागातलं. एक महिना वापरलं, मग 'शिट्टी मारतं' म्हणून डबीत. सगळे म्हणाले म्हातारा हट्टी. मग एका ऑडिओलॉजिस्टबाईंनी बघितलं तर कानातला साचा सैल झालेला, आणि कानात मळ. साचा नवीन केला, शिट्टी बंद.

बॅटरीचा किस्सा तर याहून भारी. त्या छोट्या बॅटऱ्या झिंक-एअरच्या असतात, मागे रंगीत चिकटपट्टी. आजोबांच्या ३१२ नंबरच्या, तपकिरी पट्टीच्या. पट्टी काढली की हवा आत जाते आणि बॅटरी जागी होते, त्यानंतर पट्टी परत चिकटवून काही उपयोग नाही. आमच्या काकांनी "पटापट बदलता याव्यात" म्हणून अख्ख्या पाकिटाच्या पट्ट्या एकदम काढून ठेवल्या होत्या! दर आठवड्याला "कंपनी चोर आहे" म्हणून ओरडायचे. पट्टी काढून मिनिटभर थांबून मग यंत्रात घालावी, हे सांगायला दुकानदाराला अर्धा मिनिट लागला असता.

चाकावरचा_चंदू
@मालवणी_तिरफळ, अगदी हेच. वस्तू विकणारे पुष्कळ, बसवून देणारा एखादाच.

मी व्हीलचेअरवाला. ॲलिम्को माहीत असेल, कानपूरची सरकारी कंपनी, १९७२ पासूनची. केंद्राच्या एडिप योजनेत तिच्या तीनचाकी, कुबड्या, श्रवणयंत्रं शिबिरांत देतात. योजना चांगली आहे, माझी पहिली खुर्ची त्यातलीच. पण शिबिरात खुर्ची मिळणं आणि *माझ्या मापाची* खुर्ची मिळणं यात फरक असतो. बैठक चार बोटं रुंद असली की माणूस एका बाजूला कलतो, वर्षभरात पाठ बोलायला लागते. शिबिराला जाल तेव्हा माप घेतल्याशिवाय खुर्चीत बसून फोटो काढू देऊ नका.

आता आमच्या सोसायटीची कथा. मी रॅम्प मागितला. कमिटीने प्रेमाने दिला. तीन पायऱ्या, साधारण दीड फूट उंची, त्याला सहा फुटांचा रॅम्प. नियम काय? एकास बारा. म्हणजे दीड फुटाला अठरा फूट लांबी. सहा फुटांत केला तर ती घसरगुंडी होते. उद्घाटनाला नारळ फोडला, मला वरून ढकलणार तेवढ्यात मीच ओरडलो. आता त्यावरून मुलं स्केटिंग करतात आणि खालच्या तोंडाशी सेक्रेटरींची स्कूटर उभी असते.

सदूभाऊ
म्हणजे रॅम्पचा लाभार्थी कोण, तर स्कूटर.

ओसाकाकर
चंदूभाऊंच्या रॅम्पवरून फुटपाथवरच्या अंधांसाठीच्या पिवळ्या फरशा आठवल्या. पुण्यात सुट्टीवर आलो होतो तेव्हा एका नव्या कोऱ्या फुटपाथवर त्या बघून भारावून गेलो, कारण त्यांचा जन्म आमच्या इकडचा, जपानचा. सेइइची मियाके नावाच्या माणसाने १९६५ च्या सुमाराला त्या शोधल्या आणि १९६७ साली ओकायामात पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या. लांब पट्ट्या म्हणजे सरळ चला. गोल टिंबं म्हणजे थांबा, पुढे धोका किंवा वळण. एवढी साधी भाषा आहे.

पुण्यातल्या त्या फुटपाथवर पट्ट्या मला सरळ घेऊन गेल्या आणि विजेच्या डीपीवर नेऊन सोडलं. टिंबं नाहीतच. डीपीच्या पलीकडून पट्ट्या पुन्हा सुरू.

इथली आणखी एक गोष्ट गोदाकाठच्या ताईंना उपयोगी पडेल. जपानात शांपूच्या बाटलीवर बाजूला खाचा असतात, कंडिशनर सपाट. काओ कंपनीने १९९१ साली सुरू केलं, मग बाकीच्यांनी उचललं. डोळे मिटून डोकं धुताना आपण सगळेच आंधळे, त्यामुळे सगळ्यांनाच सोय.

तिसरा_डोळा
@ओसाकाकर, तो डीपी मी ओळखतो. जवळचा मित्र आहे, कपाळाची भेट झालेली आहे.

खाचांवरून आठवलं, रबरबँड लावा! माझी आई एवढंच करायची. औषधाच्या डबीला एक रबरबँड म्हणजे सकाळचं, दोन म्हणजे रात्रीचं. आणि टिकली! वॉशिंग मशीनच्या बटणावर, मिक्सरच्या 'एक'वर, गॅसच्या बारीकच्या खुणेवर एकेक टिकली. जाड, खड्याची असेल तर उत्तम. बाहेर 'बंप डॉट' म्हणून विकत मिळतात, पण आईची टिकली चार वर्षं टिकली.

(हा विनोद नव्हता. पण आता लक्षात आलंय तर राहू दे.)

स्पष्टवक्ता
माफ करा, पण मला ही सगळी चर्चा भरकटलेली वाटते. ७१ वर्षांच्या माणसाला बोटं सरकवायला शिकवण्यापेक्षा मुलीने सकाळी अर्धा तास पेपर वाचून दाखवावा. आपल्याकडे माणसं आहेत, ही आपली श्रीमंती. मोठ्यांचे आशिर्वाद ॲपमधून मिळत नाहीत. सगळं यंत्रांवर सोपवायचं आणि मग संवाद संपला म्हणून रडायचं.

अनामिका७
+१. आणि 'दिव्यांग' म्हणा, अंध काय, आंधळे काय.

तिसरा_डोळा
@अनामिका७, मला अंध म्हणा, चालतं. काहींना दिव्यांग आवडतं, काहींना अपंग. माझ्या कार्डावर दिव्यांग आहे, माझ्या मित्रांच्या तोंडी जे आहे ते इथे लिहिता येणार नाही. ज्याचं त्याला विचारावं.

@स्पष्टवक्ता, मुलीने वाचून दाखवलंच पाहिजे, त्यात भांडण नाही. पण मी तुम्हाला वाचून घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो. दुसरा माणूस वाचतो तेव्हा तो त्याला वाटेल तेवढंच वाचतो. "हे काही महत्त्वाचं नाही" म्हणून दोन परिच्छेद खातो. कंटाळा आला की आवाजात कळतो, मग आपणच "पुरे" म्हणतो. बँकेचं पत्र शेजाऱ्याकडून वाचून घेतलं की आपली शिल्लक शेजाऱ्याला आधी कळते. ओटीपी वाचायला नातू लागतो. शाळेत असताना मला आलेलं एक पत्र (कुणाचं ते विचारू नका) होस्टेलच्या रखवालदाराने वाचून दाखवलं होतं. तो फार चांगला माणूस होता. तरीही.

मग कॉलेजात संगणकावर एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मिळालं. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध पोरांचं काम, २००६ ला सुरुवात, आणि पूर्ण फुकट. त्याआधीची तशी सॉफ्टवेअरं आमच्या वडिलांच्या कित्येक पगारांएवढी महाग. त्या दिवशी मी पहिल्यांदा एक लांबलचक, अत्यंत कंटाळवाणा लेख शेवटपर्यंत *एकट्याने* वाचला. कुणी "पुरे?" असं विचारलं नाही.

स्पष्टवक्ता
या बाजूने विचार केला नव्हता. मुद्दा मान्य. तरी अर्धा तास वाचून दाखवावा हे म्हणणं कायम.

पाटी_आणि_सुई
विशेष शाळेत शिकवून निवृत्त झाले आहे. मी ब्रेलची बाजू मांडते, नाहीतर माझे विद्यार्थी रागावतील.

आवाजाने ऐकणं होतं, शुद्धलेखन होत नाही. आमची जी मुलं नुसती ऐकून शिकली त्यांना 'दिन' आणि 'दीन' एकच. ब्रेलच्या पाटीवर सुईने उजवीकडून डावीकडे एकेक टिंब टोचत गेलेल्या मुलाला ह्रस्व-दीर्घ बोटांत बसलेलं असतं. बाबांना या वयात ब्रेल शिका असं म्हणणार नाही, बोटांची संवेदना लहानपणासारखी राहत नाही. पण मुद्रितशोधकाला नुसतं ऐकून चैन पडणार नाही, हेही मला कळतं. टॉकबॅकमध्ये अक्षर-अक्षर वाचण्याची सोय आहे, ती त्यांना नक्की दाखवा.

आणि सुगम्य पुस्तकालय! छापील वाचता न येणाऱ्यांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय, २०१६ पासून आहे. वाचता न येण्याचा दाखला देऊन सभासद व्हायचं, पुस्तकं उतरवून घ्यायची. मराठीही आहेत, हवीत तेवढी नाहीत. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने अशी रूपांतरं करायला वाट मोकळी झाली, आणि माराकेश कराराला (अंधांसाठी पुस्तकांची रूपांतरं सोपी करणारा आंतरराष्ट्रीय करार) सगळ्यात आधी, २०१४ मध्ये, मान्यता देणारा देश भारतच.

कीबोर्डकुमार
पुस्तकं कमी असण्याचं एक कारण मी सांगतो, कारण गुन्हेगार मी. वीस वर्षं डीटीपी केलं. आपण जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये जे टाइप केलं ते डोळ्यांना मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ असते. स्क्रीन रीडरने ते वाचलं तर "के, डॉलर, एल, कंस सुरू" असं ऐकू येतं. मराठीतली कितीतरी चांगली पुस्तकं त्या भेळेत अडकली आहेत. बदलून देणारी साधनं आहेत, पण प्रत्येक फॉन्टची भेळ वेगळी, आणि जोडाक्षरं फुटतात, मग परत कुणीतरी बसून प्रुफं तपासावी लागतात.

यापुढे तरी सगळ्यांनी : युनिकोडमध्ये टाइप करा, आणि नोटीस फोटो काढून पाठवू नका. फोटोतलं मराठी वाचणारी ओसीआर सुधारली आहे, पण रफार आणि अनुस्वार अजून गिळते.

तिसरा_डोळा
@कीबोर्डकुमार, कबुलीजबाबाबद्दल आभार, शिक्षा म्हणून दहा पानं बदलून द्या.

फोटोंवरून : आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी तेहतीस संदेश. मला ऐकू येतं, "फोटो. फोटो. फोटो. फोटो." पैकी एक काकूंच्या निधनाचा होता. मी त्याला हात जोडल्याचा फोटो समजून शुभ सकाळ म्हटलं.

आणि इमोजी टाकणाऱ्यांनो, चौदा हसरे चेहरे टाकता तेव्हा माझा फोन चौदा वेळा "आनंदाश्रू असलेला चेहरा" म्हणतो. चौथ्यानंतर अश्रू माझे असतात.

गोदाकाठची
वाचतेय, सगळं वहीत उतरवतेय. एक विचारायचं राहिलं : पैसे. बाबा भाजी आणायला स्वतः जायचे, आता नोटा ओळखता येत नाहीत म्हणून जाणं सोडलं. आणि प्रमाणपत्र काढावं का? डाव्या डोळ्याने समोरचं दिसतं, त्यामुळे मिळणार नाही असं शेजारी म्हणतात.

नेत्रपल्लवी
शेजाऱ्यांचं ऐकू नका. २०१६ च्या कायद्यात नुसती अक्षरं वाचण्याची क्षमता धरलेली नाही, नजरेचा विस्तारही धरला आहे. दहा अंशांपेक्षा कमी उरला असेल तर ते अंधत्वात येतं, समोरचं बारीक दिसत असलं तरी. दहा ते चाळीस अंशांत असेल तर अल्पदृष्टी. फील्ड टेस्टचे (नजरेच्या विस्ताराच्या तपासणीचे) कागद जोडून यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाण मिळालं तर बहुतेक सवलतींचा दरवाजा उघडतो.

तिसरा_डोळा
नोटांचं : १०० ची १४२ मिलिमीटर लांब, २०० ची १४६, ५०० ची १५०. चार-चार मिलिमीटरचा खेळ! जुन्या नोटांत फरक ढोबळ होता, नव्या आल्या तेव्हा आम्ही सगळे पुन्हा बालवाडीत गेलो. कडेला उठावाच्या रेघाही आहेत, १०० ला चार, ५०० ला पाच, पण नोट बाजारात चार महिने फिरली की त्या सपाट होतात. मी जुन्या एटीएम कार्डाच्या कडेला खाचा पाडून फुटपट्टी केली आहे, नोट तिच्यावर धरून बघतो. रिझर्व्ह बँकेचं मणी ॲप १ जानेवारी २०२० ला आलं, नोट कॅमेऱ्यासमोर धरली की किती रुपयांची ते सांगतं, नेटही लागत नाही. खरी-खोटी मात्र सांगत नाही. भाजीवाल्यासमोर ते करत बसायला बाबांना संकोच वाटेल, म्हणून घरीच वेगवेगळ्या घड्या घालून द्या. १०० ची आडवी, ५०० ची उभी, असं काहीही ठरवा.

आणि खरं सांगू? अंधांसाठी न बनवलेलं सगळ्यात उपयोगी यंत्र म्हणजे भाजीवाल्याकडचा यूपीआयचा बोलका डबा. "पन्नास रुपये प्राप्त झाले" हे त्याच्याइतकंच मलाही कळतं.

तक्रारही करून घेतो. एका बँकेच्या ॲपवर (माझी नाही!) खातं उघडत होतो. ॲप म्हणे, चेहरा गोलात धरा आणि डोळे मिचकवा. गोल कुठे आहे ते सांगेना. माझे डोळे काचेचे. मी अर्धा तास त्या फोनला मान हलवून दाखवत होतो, बायको शेवटी म्हणाली, नवस फेडताय का? हीच अडचण घेऊन ॲसिड हल्ल्यातून वाचलेले काहीजण आणि एक अंध वकील सर्वोच्च न्यायालयात गेले होते. ३० एप्रिल २०२५ ला निकाल लागला. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच, कलम २१ चा, भाग आहे असं म्हटलं आणि केवायसीसाठी वीस निर्देश दिले. डोळे मिचकवण्याला पर्याय द्या, हाही त्यात आहे.

चाकावरचा_चंदू
निकालाची प्रत आमच्या सेक्रेटरींना पाठवतो. स्कूटरसाठीही एखादं कलम असेल तर कळवा.

ओसाकाकर
काठीबद्दल कुणीच लिहिलं नाही? पांढरी काठी घ्या ताई. नळीसारख्या नजरेत पायाजवळचं दिसत नाही, पायऱ्या चुकतात.

पाटी_आणि_सुई
बरोबर. आणि काठी मिळणं सोपं, घेणं अवघड. म्हातारी माणसं आधाराची काठी आनंदाने घेतात, पण पांढरी घेतली की सगळ्या गल्लीला कळतं. आमचे एक पालक वर्षभर छत्री घेऊन फिरले, उन्हाळ्यात सुद्धा. काठी छातीच्या हाडापर्यंत उंच हवी, हातात पेलवेल अशी हलकी, घडीची. आधी जिन्यात, मग गच्चीवर, मग गल्लीत. आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन मुठीवर बसते आणि गुडघ्याच्या वरचे अडथळे थरथरून सांगते, टेंपोच्या मागे आलेल्या सळया वगैरे. पण ती नंतर. साधी काठी न शिकता स्मार्ट काठी घेणं म्हणजे बाराखडीआधी व्याकरण.

गोदाकाठची
सात आठवड्यांनी परत येतेय. भावाला चष्म्याचे पैसे परत पाठवले.

काळ्या कागदाची खाच बाबांना लगेच पटली, "आम्ही पट्टी ठेवायचो तसंच" म्हणाले. दिवसाला एक अग्रलेख डोळ्यांनी, बाकी फोन. टॉकबॅकचं रडगाणं दहा दिवस चाललं. दोन बोटांऐवजी एक बोट, मग फोन कुणालाही लागायचा. एकदा माझ्या सासूबाईंना सलग सहा वेळा. अकराव्या दिवशी मी ऑफिसातून आले तर घरात फोनचा आवाज आणि बाबा त्याच्याशी भांडतायत, "माझा नाही रे, *माझा*!" म्हणजे गाडी रुळावर होती.

स्पष्टवक्ता, मी अर्धा तास वाचून दाखवतच होते. पण एक कबूल करते. मी निधनवार्ता वगळायचे. त्यांच्या वयाची, ओळखीची माणसं असतात, कशाला सकाळी सकाळी, म्हणून. फोनने पहिल्या आठवड्यातच त्या वाचून दाखवल्या. बाबांनी विचारलं, "गेल्या पाच महिन्यांत कुणीच गेलं नव्हतं का?" मी काही बोलले नाही. मग त्यांनीच जुने अंक काढून मागितले. छापखान्यातले त्यांचे जोडीदार मार्चमध्ये गेले होते. त्यांच्या घरी आम्ही परवा जाऊन आलो, बाबा काठी घेऊन जिना चढले. पांढरी काठी. छत्री पण घेतली होती बरोबर.

आता मुख्य. काल त्यांनी हा धागा पहिल्यापासून ऐकला. दुपारी दोन ते साडेचार. मग मला बोलावून एका शब्दावर बोट धरून बसले, अक्षर-अक्षर वाचून घेतलं, तीनदा. निरोप दिलाय, जसाच्या तसा लिहिते : "स्पष्टवक्ते यांना सांग, मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे, पण 'आशीर्वाद'मधला श दीर्घ. आणि कीबोर्डकुमारांना विचार, ती फॉन्ट बदललेली दहा पानं तपासायला कुणी आहे का."

सदूभाऊ
मी माझे सगळे जुने प्रतिसाद काढून टाकतोय.

स्पष्टवक्ता
आशीर्वाद. आशीर्वाद. आशीर्वाद. काका, तीनदा लिहिलं.

कीबोर्डकुमार
@गोदाकाठची, दहा नाही, तीनशे बारा पानं आहेत. एक जुना कथासंग्रह, लेखकाच्या घरच्यांची परवानगी घेऊन बदलतोय. फाईल बाबांना कशी पाठवू? वर्डमध्ये चालेल का, की साधा मजकूर? आणि ते चुका कशा सांगतील?

गोदाकाठची
साधा मजकूर पाठवा. विचारलं त्यांना. म्हणतात, बोलून रेकॉर्ड करीन, पान आणि ओळ सांगून. फक्त त्या फाईलला ओळींचे आकडे घालून द्या.